वीतभर डब्यातला वारा

माझा आवाज चांगला आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण आमच्या घरात ते सांगणारं दुसरं कोणी नाही. नवरा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात मी आणि सासूबाई. बावीस वर्षं मी मुंबईतल्या एका स्टुडिओत पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम केलं आणि बावीस वर्षं सासूबाई त्याला बडबड म्हणत आल्या. झाली का बडबड, मग कुकर लाव, असं. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांनी जन्मभर शिवणयंत्र चालवलं होतं. ज्यात घाम येत नाही ते काम नाही, इतका त्यांचा सरळ न्याय होता.

मग स्टुडिओ बंद झाला. दुसऱ्या एका कंपनीने कळवलं की घरून वाचून पाठवत असाल तर एक कादंबरी आहे. पहिली तीन प्रकरणं दसऱ्यानंतरच्या शुक्रवारपर्यंत पाठवायची आणि मागे कसलाही आवाज नको. स्वच्छ आलं तर ही कादंबरी तुमची आणि पुढची कामंही तुमची, नाहीतर दुसऱ्या एक बाई तयार आहेत. पन्नाशी उलटल्यावर ‘दुसऱ्या एक बाई’ हे शब्द किती लागतात ते ज्याचं त्याला ठाऊक. हे काम गेलं असतं तर मी खरोखरच फक्त कुकर लावत बसले असते.

नवीन पनवेलमधल्या आमच्या फ्लॅटची आतली खोली तशी शांत आहे. खिडकी लावली, पंखा बंद केला, दाराला आतून जाड चादर टांगली की रिक्षा, कुत्री आणि भाजीवाला तिघेही बाहेर राहतात. आत उरायचा तो माझा जुना कॉम्प्युटर. टेबलाखाली बसून तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. म्हणून नवा हवा होता आणि तो लहानच हवा होता, कारण खोलीत पलंग, कपाट, टेबल आणि मी एवढं मावल्यावर टेबलाच्या कडेला जी जागा उरते ती वीतभर रुंद आहे.

मी आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन सुट्या भागांची एक यादी केली. ती घेऊन पनवेल गावातल्या एका दुकानात गेले. दुकानदार साठीचे, पांढऱ्या मिशांचे, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेले. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. जमीन गेली, तिच्यावर इमारत उभी राहिली आणि त्या इमारतीत यांच्या वाट्याला तळमजल्यावरचा एक गाळा आला. भाऊबंदांनी आपापले गाळे भाड्याने दिले, यांनी चाळिशीनंतर शिकून कॉम्प्युटर जोडायचं दुकान टाकलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की माझी यादी त्यांनी वाचली, घडी केली आणि परत माझ्या हातात दिली.

तो ठेवणार कुठे, असं त्यांनी विचारलं. घरी, म्हटलं. घरी कुठे? टेबलावर. टेबल कुठे? मला राग आला. सामान विकायचं सोडून हा माणूस माझ्या टेबलाची जन्मपत्रिका मांडत होता. शेवटी ते म्हणाले, “तुमच्या खोलीत बसून बघतो, ताई. मग सांगतो काय लागल ते.”

आणि खरोखर आले. खोलीत शिरून त्यांनी मला खिडकी लावायला सांगितली, पंखा बंद करायला लावला, चादर सोडायला लावली आणि माझ्या खुर्चीवर गप्प बसून राहिले. मी बाहेर. सासूबाईंनी खुणेने विचारलं की हा कोण आणि आत काय करतोय. मला तरी कुठे माहीत होतं? पाव तासाने ते बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. तोंड पुसत म्हणाले, “जिथं मानसाला इतका घाम येतो, तिथं त्या कॉम्प्युटरच्या डब्याला पन येनार.”

त्यानंतर त्यांनी माझी यादी एकेक करून मोडून काढली. मोठं ग्राफिक कार्ड लिहिलं होतं, ते गेलं. तुम्ही आवाज भरणार, चित्रं पळवणार नाही, मग ही शेगडी आत कशाला? सगळ्यांत जोरकस प्रोसेसर लिहिला होता, त्याच्या जागी कमी वीज खाणारा आला. जेवढं काम तेवढीच भूक असावी, असं त्यांचं म्हणणं. प्रोसेसरवर बसवायचा जो पंखा मी निवडला होता तो इतका उंच होता की डब्याचं झाकणच लागलं नसतं. हे त्यांनी स्टीलची पट्टी उभी धरून दाखवलं आणि वर एक शब्दही बोलले नाहीत, हे उपकार. रंगीबेरंगी दिवे लागणारी मेमरी वाचून मात्र त्यांना राहवेना. नवरात्राचा मंडप घालणार आहात का, असं त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

मुख्य प्रश्न वाऱ्याचा होता. लहान डबा म्हणजे गरम हवेला फिरायला जागा नाही. दोन लहान पंखे लावले तर ते जोरात फिरणार आणि किंचाळणार. म्हणून त्यांनी एकच मोठा, हळू फिरणारा पंखा वर लावायचं ठरवलं. हवा बाजूच्या जाळीतून आत यायची, प्रोसेसरला लागून वरच्या लांबट फटींतून बाहेर जायची. मिठागरात समुद्राचं पाणी आत घ्यायला आणि सोडायला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. त्यांचे वडील म्हणायचे, पाणी आत घ्यायच्या आधी ते सोडायची वाट कुठे आहे ते बघ. ते म्हणाले, वाऱ्याचंही तेच.

गणपतीनंतर डबा आला. माझ्या समोर त्यांनी झाकण उघडून दाखवला. मी थक्क झाले. एखाद्या सुगरणीचा मसाल्याचा डबा असावा तसं सगळं जागच्या जागी होतं. एकही वायर हवेच्या वाटेत नव्हती, सगळ्या मागच्या बाजूने ओढून दोऱ्याने बांधलेल्या. या माणसाने माझ्या खोलीतला उकाडा आधी अंगावर घेतला आणि मग त्याला पुरून उरेल असं यंत्र जोडलं, हे मला तेव्हा समजलं. अशी कामं करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

डबा सुरू केल्यावर त्यांनी सासूबाईंकडे उदबत्ती मागितली. ती पेटवून बाजूच्या जाळीजवळ धरली तर धूर आत ओढला गेला आणि क्षणभराने वरच्या फटींतून सरळ वर निघाला. वाट मोकळी असल्याची ती खूण. सासूबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या चहा टाकायला गेल्यावर दुकानदारांनी मला बजावलं की वरती काहीही ठेवायचं नाही, रुमालसुद्धा नाही.

मी वाचायला बसले. खोलीत माझ्या श्वासाशिवाय काही नव्हतं. पहिली दोन प्रकरणं झाली, इतकी स्वच्छ की ऐकताना मीच मला अनोळखी वाटले.

दसऱ्याला मी झेंडू आणि श्रीखंड आणायला खाली उतरले होते. सासूबाईंनी फुलं आधीच आणलेली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. परत आले तर डब्यासमोर रांगोळी, डब्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ गोल घालून ठेवलेली, आपट्याची पानं आणि भरपूर अक्षता. त्या अक्षता वरून, फटींवरच, मनापासून टाकलेल्या. बाजूला उदबत्ती. डबा आला त्या दिवशी दुकानदारांनी उदबत्ती धरली ती सासूबाईंना पूजाच वाटली होती आणि फुलांवाचून झालेली पूजा त्यांना अपुरी वाटली होती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “तुझं हत्यार आहे ना ते.”

शिवणयंत्राची पूजा त्या दर दसऱ्याला करत. माझ्या कामाची कधी कोणी केली नव्हती. वर रुमालसुद्धा ठेवायचा नाही हे मला स्पष्ट आठवत होतं. मी माळ उचलायला हात पुढे केला आणि तो मागे घेतला. मला ती तिथे हवी होती. डबा बंदच आहे, पूजेच्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, मग एका रात्रीने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळ आणि पानं हळूच उचलली, वर दिसल्या तेवढ्या अक्षता पुसून घेतल्या.

त्या दिवशी गुरुवार होता. तिसरं प्रकरण राहिलं होतं. वाचायला लागले तर मागे टिक, टिक, टिक. घड्याळ बाहेर नेऊन ठेवलं, तरी टिक. थोड्या वेळाने डब्याचा पंखा जोरात फिरायला लागला आणि अर्ध्या तासात कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. हात लावून पाहिला तर डबा तव्यासारखा तापलेला.

आणि मी काय केलं? दुकानदारांना फोन लावला आणि नाही नाही ते बोलले. जमत नव्हतं तर आधीच सांगायचं होतं, वारा आणि मिठागर ऐकून घ्यायला मी पैसे दिले नव्हते, उद्या माझं काम गेलं तर तुमच्यामुळे जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त येतो म्हणाले.

दुपारी आले. झाकण काढलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर झेंडूच्या पाकळ्यांचा थर दाबून बसलेला, त्यावर हळद, कुंकू. वरच्या पंख्याच्या चौकटीत तांदळाचे तीन दाणे अडकलेले, पंख्याचं पातं फिरलं की त्यांना शिवून जाणार. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी दाणे ओळखले.

“म्हणजे मी बिघडवलं?” त्यांनी विचारलं.

“बिघडला नाय, आई. गुदमरला व्हता,” ते म्हणाले. चिमट्याने एकेक दाणा काढून त्यांनी तळहातावर घेतला. “आमी पन उघाडीची पूजा करायचो. पन फूल बांधावर ठेवायचो, पान्याच्या वाटंवर नाय. पूजा बरोबर हाय तुमची. फक्त जागा चुकली.”

मी म्हटलं की आई, तुमचं नाही, माझं चुकलं. मला माहीत होतं आणि मी तरी माळ ठेवू दिली. सासूबाईंनी त्यांच्याकडून ते तीन दाणे मागून घेतले आणि देवघरात नेऊन ठेवले. दुकानदारांनी मऊ ब्रशने पाती साफ केली, प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोचवणारी जुनी पेस्ट पुसून तांदळाएवढी नवी लावली आणि पुन्हा उदबत्ती मागितली. धूर वरून सरळ निघाला. मी फोनवरच्या बोलण्याची माफी मागितली तर म्हणाले, चहा टाका, साखर कमी. अशा माणसापुढे आपण किती आततायी आहोत ते उगीचच लख्ख दिसतं.

ते गेल्यावर मी खिडकी लावली, पंखा बंद केला. चादर सोडणार तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. आवाज चालणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि वाजू नयेत म्हणून त्यांवर पदर घट्ट गुंडाळला.

ऑक्टोबरची दुपार होती. मी पाऊण तास वाचत होते. दोनदा चुकले, दोनदा मागे जाऊन पुन्हा वाचलं. सासूबाई हलल्या नाहीत. खोकला आला असावा, कारण एकदा त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरलेला दिसला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पुसला तर पाटल्या वाजतील म्हणून त्या तो पुसत नव्हत्या. शेवटचं वाक्य झालं, मी ध्वनिमुद्रण थांबवलं, कानावरचा हेडफोन काढला. डब्यावर हात ठेवला. गार होता. खोलीत तापलेल्या आम्ही दोघीच होतो.

सासूबाई माझ्या चिंब ब्लाउजच्या पाठीकडे बघत होत्या.

“बावीस वर्षं अशीच बसायचीस?” त्यांनी विचारलं.

स्टुडिओत एसी होता. तिथे मला कधी घामच आला नव्हता. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हो, म्हटलं.

त्या उठल्या, पंख्याचं बटण दाबलं आणि माझ्याआधी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुकर लावला.