जर्मलचं पातेलं

माकणीच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात सुटकेस होती आणि दुसऱ्या हातात जर्मलचं पातेलं. पातेलं साधंसुधं नव्हे, वीस माणसांची आमटी होईल एवढं. कंडक्टरनं ते वर-खाली न्याहाळलं आणि ह्याचं तिकीट फुल काढायचं की हाफ, असं विचारलं. गाडीतली सगळी हसली. मी पुण्याला इंजिनिअर म्हणून निघालो होतो, आचारी म्हणून नव्हे, त्यामुळं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईपुढं कुणाचं चालतं? ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "आपली माणसं येतेल की रं तिकडं. बारक्या भांड्यात किती शिजवशील?" गाडी हलली तेव्हा पातेलं माझ्या मांडीवर होतं, आणि त्याच्या आडून मला आई नीट दिसलीसुद्धा नाही.

आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात. का म्हणतात ते ठाऊक नाही, म्हणतात एवढं खरं. पुण्यातल्या पहिल्या खोलीत ते पातेलं कॉटखाली राहिलं, पुढं लग्न झाल्यावर भाड्याच्या घरात गॅलरीत, आणि शेवटी स्वतःच्या फ्लॅटच्या माळ्यावर चढलं. चौदा वर्षांत त्यात आमटी एकदाही झाली नाही. दिवाळी सरली की माझी बायको वैशाली त्यात लाइटच्या माळा गुंडाळून ठेवायची.

यंदा आम्ही स्वयंपाकघर नवं केलं आणि इंडक्शन शेगडी आणली. तिच्यावर जर्मल तापतच नाही. मग ठरलं, विकून टाकू. तुम्ही गावाकडचे हे वाचून हसाल, पण नको असलेलं सामान ऑनलाइन विकणं हा माझा रविवारचा उद्योग झालाय. लेकीची लहानपणची सायकल विकली, कूलर विकला, लग्नात आलेली तीन घड्याळं विकली. आपल्याकडं जुनी वस्तू भावकीत कुणाला तरी देतात, नाहीतर भांड्याच्या दुकानात मोडीत घालतात. इथं शेजाऱ्याला फुकट देतो म्हटलं तर तो संशयानं बघतो आणि विकतो म्हटलं की खुशीनं घेऊन जातो. सुरुवातीला मला याचं नवल वाटायचं. आता मीसुद्धा कुणी फुकट काही देऊ लागलं की आधी त्याचा तळ तपासतो.

पातेल्याचा फोटो काढला आणि जाहिरात लिहायला बसलो. इथं माझं शिकलेलं डोकं आडवं आलं. जर्मल हा गावंढळ उच्चार, लिहिताना शुद्ध लिहावं, म्हणून मी लिहिलं, 'जर्मनचं मोठं पातेलं, उत्तम स्थिती'. तासाभरात मेसेजचा पाऊस. कुठल्या कंपनीचं आहे, खोका आहे का, तिकडून येताना आणलं होतं का. एक गृहस्थ तर शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी काढून आले. त्यांनी पातेलं उलटं केलं, बुडावर शिक्का शोधला, काजळी लागलेलं बोट पुसलं आणि लोकांना असं फसवता का म्हणून मला दारातच झापून गेले.

वैशाली हसून हसून बेजार झाली. मग तिनं विचारलं की जर्मन म्हणजे नक्की काय. मी सांगितलं. ती म्हणाली, जर्मल हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालीत. म्हणजे अकरा वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून घरात एकदाही बाहेर पडला नव्हता. आणखी किती शब्द असे गिळून बसलोय, कुणास ठाऊक.

जाहिरात काढून टाकणार तेवढ्यात एका बाईंचा मेसेज आला. 'दादा, जर्मलचं हाय का?' त्या एका 'ल'नं मला स्टँडवर नेऊन उभं केलं. मी विचारलं, कुठल्या तुम्ही? उत्तर आलं, मुरूम. म्हणजे आमच्याच पट्ट्यातलं गाव.

दुसऱ्या रविवारी रेखाताई आल्या. इथल्या एका दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी शिक्काबिक्का काही बघितला नाही. पातेल्यावर बोटाची पेरं वाजवली, आवाज ऐकला आणि जाड हाय म्हणून मान डोलावली. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दर रविवारी उमरगा-लोहाऱ्याकडची पाच-सहा बिऱ्हाडं जेवायला जमतात, दोन कुकर लावूनही पुरत नाही, असं त्या सांगत होत्या. मग पातेल्यात डोकावत त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं कोण येत न्हाय व्हय?"

मी म्हणालो, येतात की. खोटं बोललो.

एकजण आले होते. माझे मामा. नऊ वर्षांपूर्वी, वैशाली बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा. न कळवता आले, कारण मामानं भाच्याकडं जाताना कळवायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं त्यांना अडवलं आणि मला फोन लावला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. वॉचमनचे तीन फोन आले, मामांचे दोन. स्क्रीनवर मामांचं नाव मला दिसलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नंतर करू म्हणून मी फोन पालथा ठेवला. मामा गेटसमोर दोन तास उन्हात बसले, डोक्यावरून आणलेलं ज्वारीचं गाठोडं वॉचमनजवळ ठेवलं आणि परतीच्या गाडीत बसले. गावात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, भाचा लई मोठ्या कामात हाय. मी रात्री फोन केला, पण चुकलं म्हणायला जीभ उचलेना. ज्वारी कुठल्या रानातली, एवढंच विचारलं. त्यानंतर गावाकडून माझ्या दारी कुणी आलं नाही. पातेलं माळ्यावर का राहिलं, ते मला नीट माहीत होतं. ते विकायचं म्हणजे आता कुणी यायचं नाही हे आपल्या हातानं कबूल करायचं, म्हणून तर ते इतकी वर्षं निघालं नव्हतं.

रेखाताई पातेलं उचलायला वाकल्या आणि थांबल्या. "रिकामं नगा देऊ दादा. मूठभर कायतरी टाका." आपल्याकडं कुणाच्या हाती रिकामं भांडं देत नाहीत, हे मी विसरलो होतो. डबे उघडले. ज्वारीचा दाणा नव्हता. ओट्स होते, पाकिटातलं मल्टीग्रेन पीठ होतं. शेवटी तुरीची डाळ सापडली. मी ओंजळभर टाकली, मग अख्खा डबाच उपडा केला. पैशाचं त्यांनी विचारलं, पण डाळ घातल्यावर विकणं उरलंच कुठं?

लिफ्टचं दार बंद झालं आणि मला रडू आलं. चाळिशीला आलेला माणूस, जर्मलच्या पातेल्यासाठी रडतो म्हणजे काय, पण आलं खरं. लगेच मामांना फोन लावला, थांबलो असतो तर लावला नसता.

"मामा, त्या दिवशी तुमचा फोन मी बघितला होता," मी म्हणालो.

"त्या दिशी ऊन लई व्हतं," मामा म्हणाले, "तेवढंच ध्येनात हाय मला."

मी म्हणालो, आता या, मी गाडी घेऊन न्यायला येतो. ते हसले. गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही, गाडीत पाय दुमडून बसवत नाही. माझे मामा आता माझ्या दारात कधीच उभे राहणार नाहीत. ही गोष्ट मी फोन कानाला लावून, नव्या ओट्याला टेकून ऐकली. मग मीच म्हणालो, येऊ का मी? येत्या रविवारी असाल का घरी?

"असं इचारू नको रं," मामा म्हणाले. "घरला कुणी इचारून येतंय व्हय?"