ताट नाकारलं असं वाटलं तेव्हा

मंडळी, आज धामणगाव बढेजवळच्या एका गावात फिरता दवाखाना घेऊन गेलो होतो.

कपाशीवर फवारणी करून चक्कर आलेल्या मिलिंदला त्याच्या घरी तपासलं. उठून बसताच त्यानं भाकर-ठेचा माझ्यापुढे केला. त्याच्या हाताला फवारणीचा उग्र वास होता. मी हात मागे घेतला.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्याची आई म्हणाली, "काऊन डॉक्टरसाहेब, आमच्या घरचं चालत नाई का तुमाले?"

मी साबण मागितला. मिलिंदला मोरीवर नेलं, दोघांनी हात धुतले. "मावशी, घरचं चालतं. ह्याच्या हाताचं विष कोणाच्याच पोटात नको."

मग ताजी भाकर एकाच ताटात खाल्ली.

यापुढे पिशवीतून स्टेथोस्कोपआधी साबण निघेल. पण मावशीला तो प्रश्न सुचला, म्हणजे आधी कोणीतरी खरंच जात पाहून हात मागे घेतला असणार. तुमच्या गावात अजूनही असा हात कोण मागे घेतं?