बदलापूरची भाजी मंडई आणि स्टेजखालची पल्लवी

"बदलापूरला? दोन दिवस? आणि तिथे पाहणार काय?" हे माझ्या नवऱ्याने विचारलं, तेही स्वतःची सख्खी बहीण तिथे राहत असताना.

"वांगी आणि टोमॅटो," मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

झालं असं की सुजाताचा, म्हणजे माझ्या नणंदेचा फोन आला. ती बदलापूर पश्चिमेला मांजर्लीतल्या एका खाजगी बालवाडीत शिकवते. "वहिनी, रविवारी आमचं गॅदरिंग आहे. छोटा गट भाजी मंडईचा नाच करणार आहे. पण यंदा नुसतं गॅदरिंग नाही. तू ये, आणि तुझा तो मोबाईल चार्ज करून आण." गेलं वर्षभर ती आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बालवाड्यांमधल्या काही शिक्षिका पगारवाढीच्या मागे लागल्यात, हे मला माहीत होतं. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'गोल करून बसा'. दिवसभर मुलांना हेच सांगायचं, मग स्वतःच्या ग्रुपला दुसरं काय नाव देणार! या ब्लॉगवर गड झाले, धबधबे झाले, खादाडी तर उदंड झाली. एखादं गॅदरिंग पाहायला गाडी काढणं हे पहिल्यांदाच, आणि मला त्याची भलतीच उत्सुकता लागली होती.

शुक्रवार: नाशिक ते बदलापूर

कल्याणमार्गे जाऊ नका. कसारा घाट उतरून शहापूरला आत वळा, मुरबाड गाठा आणि तिथून बारवीच्या जंगलातून बदलापूर. रस्ता अरुंद आहे, गतिरोधक अचानक उगवतात, पेट्रोल मुरबाडलाच भरून घ्यावं. पण जानेवारीत हा रस्ता फार सुरेख असतो. भात निघून गेलेल्या शेतांत वाल तरारलेला, मध्येच झाडांमागून धरणाचं पाणी दिसतं. एका वळणावर दोन बायका वालाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. मी घासाघीस केली, त्यांनी मला दाद दिली नाही, आणि शेंगा मी त्यांच्याच भावाने घेतल्या.

संध्याकाळी सुजाताकडे त्याच वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी. जेवताना ती म्हणाली, "आमची पल्लवी सोडून चाललीये."

पल्लवी म्हणजे छोट्या गटाची शिक्षिका. बारवीकडच्या एका पाड्यावरून रोज येते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगचं काम तिला मिळालंय, पगार इथल्या जवळजवळ दुप्पट, वर पीएफ. सोमवारी जाऊन हो म्हणायचं. बालवाडीतला तिचा पगार माझ्या गाडीच्या हप्त्याहून कमी आहे, हे ऐकून माझा घास हातातच राहिला. नऊ वर्षं झाली तिला इथे.

"तुमच्या संस्थाचालकांशी बोललात का?"

"अण्णांशी? तीनदा. ते वाईट नाहीत गं. म्हणतात, पालक फी वाढवू देत नाहीत. आणि पालक काय म्हणतात, माहितीये? यांचं काम काय, तर मुलांना खेळवायचं."

शनिवार सकाळ: उल्हासनगर

भाज्यांच्या पोशाखांसाठी थोडं कापड कमी पडलं होतं, म्हणून आम्ही उल्हासनगरला. मी मोठ्या दिमाखात गाडी काढली. कॅम्प दोनच्या कपडा बाजाराजवळ आम्हाला कविता भेटली. ती तिथेच एका नर्सरीत शिकवते आणि 'गोल करून बसा'ची खजिनदार आहे. भेटल्या भेटल्या म्हणाली, "अरे वहिनी, गाडी कशाला आणली? पार्किंग मिळणार नाही, फुकटचा टेन्शन. रिक्षा करायची ना!" तिचं खरं होतं. कापड घ्यायला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा गाडी लावायला लागला. तुम्ही जाल तर ही चूक करू नका.

आधी दाल पकवान. कुरकुरीत पकवान, वर घट्ट डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. तिघींचं पोटभर झालं, आणि नाशिकला जेवढ्यात दोन कॉफ्या येतात त्याहूनही बिल कमी. मी दुसरी प्लेट घेतली, लपवत नाही.

मग दुकान. जांभळा सॅटिन वांग्यांसाठी, लाल टोमॅटोंसाठी, हिरवा भेंडीसाठी. कविता आणि दुकानदार आधी सिंधीत भिडले, त्यातलं मला फक्त 'साईं' कळलं. मग माझ्यासाठी म्हणून की काय, दोघं हिंदीवर आले.

"मॅडम, इस रेट में तो मैं दुकान में बैठता भी नहीं."

"तो खड़े रहो, साईं. पर रेट कम करो. बच्चों का काम है."

"टीचर लोग हो? मेरी पोती भी नर्सरी में है." त्याने कापड मापताना हात सैल सोडला. "टीचर का नाम दिनभर लेती है. मेरा नाम नहीं लेती."

"देखा?" कविता मला म्हणाली. "नाव सगळे घेतात. पगाराचं नाव कोणी घेत नाही."

शनिवार दुपार: अंबरनाथचं शिवमंदिर

परतीच्या वाटेवरच अंबरनाथ आहे, त्यामुळे हे मंदिर चुकवायला कुठलीही सबब चालणार नाही. काळ्या दगडाच्या भिंतीवर इंचभर जागा मोकळी नाही, सगळीकडे कोरीवकाम. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि खाली उतरलं की एकदम गार वाटतं. वर यावंसं वाटेना. पण वर बैठक होती.

मंदिराबाहेर झाडाच्या सावलीत तिन्ही गावांतल्या पंधरा-वीस जणी जमल्या होत्या, अर्थातच गोल करून. पल्लवीला मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. बारीक चणीची, हसरी, एक क्षण हात स्थिर नाहीत. बोलता बोलता सॅटिनच्या कातरणांची फुलं करत होती.

बेत ठरलेला होता. लहान मुलं स्टेजवर नाचतात ती आपली आपण नाचत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. स्टेजखाली, अंधारात, पालकांकडे पाठ करून त्यांची टीचर उभी असते. ती सगळा नाच करते आणि मुलं तिचं बघून करतात. तर यंदा टीचरने तिथे उभंच राहायचं नाही. सरळ खुर्चीत जाऊन बसायचं. नाच कोलमडला की कळेल पालकांना, खेळवणं म्हणजे काय ते. एका शाळेत झालं की बाकीच्या गॅदरिंगमध्येही तेच. मला तर बेत फक्कड वाटला. मी टाळीसुद्धा वाजवली.

"मी नाय बसणार," पल्लवी म्हणाली.

तिने हातातलं फूल खाली ठेवलं.

"पोरा रडतील ना. एवढ्या लोकांसमोर मी दिसले नाय तर घाबरतील ती. माझ्या पगारासाठी त्यांना का रडवायचं?"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे!" सुजाता चिडली. "सोमवारी तू जाणार. मग पोरं कोणाकडे बघून नाचणार आहेत?"

"म्हणून तर. शेवटचा नाच नीट होऊ दे."

कविताने तीळगूळ काढला, सगळ्यांनी खाल्ला, आणि बैठक काहीही न ठरता उठली. मला इतकी हळहळ वाटली की मंदिराचा बाहेरून एक फोटो काढायचाही राहिला.

शनिवार संध्याकाळ: मांजर्लीतली तालीम

शाळा तळमजल्यावर आहे, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. भिंतीवर एका वर्षीच्या पुराची खूण अजून दिसते, आणि सगळी खेळणी त्या खुणेच्या वरच्या फळीवर. पल्लवी टोमॅटोंना टाचण्या लावण्यात गुंतली होती, तेव्हा सुजाता म्हणाली, "वहिनी, तू जरा उभी राहा गं हिच्या जागी. सोपं आहे."

सोपं! मला वाटलं, चार साडेचार वर्षांची मुलं, एक हात वर, एक हात खाली, झालं. गाणं लागलं. मी डावा हात वर केला, सगळ्यांनी केला. मी पुढची पायरी विसरले, थांबले. सगळी भाजी मंडई थांबली. घाबरून मी नाक खाजवलं. समोर वांगी, टोमॅटो, भेंडी, सगळ्यांनी तालात नाक खाजवलं. मी कपाळावर हात मारला, त्यांनीही मारला. एका टोमॅटोने तर इतक्या जोरात मारला की तो खालीच बसला.

आम्ही हसून हसून लोळायच्या बेतात होतो. पल्लवी भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. आणि सुजाता एकदम गंभीर झाली.

"पल्लवी, तू बसू नकोस," ती म्हणाली. "आधी त्या पालकांना उभं करू तुझ्या जागी."

रविवार: गॅदरिंग

सकाळचं सत्र, कारण सकाळी हॉलचं भाडं कमी पडतं. बाहेर वडा-सांबाराचा वास, आत आजी-आजोबांनी पुढच्या रांगा रुमाल टाकून अडवलेल्या. मी स्टेजजवळ मोबाईल धरून बसले. पहिल्या रांगेत अण्णा, अंगात पांढरा सदरा. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेवटी भाजी मंडई आली. मुलं रांगेत उभी राहिली. सुजाता माईकवर म्हणाली, "हा नाच दोनदा होईल. पहिल्यांदा टीचरच्या जागी पालक येतील. कोण येतंय? सोपं आहे, नुसतं खेळवायचंय!"

हशा पिकला. एक बाबा ऐटीत आले, एक आई आली, एक आजोबाही आले. नाचाच्या खाणाखुणांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि गाणं लागलं. बाबांनी आधी वाजणारा फोन खिशात घातला. सगळ्या भाज्यांनी खिसे चाचपले. आईचा डावा वर, आजोबांचा उजवा, मंडईत दोन तट पडले. एक वांगं "मम्मी!" म्हणून स्टेजच्या कडेला आलं, भेंडीचा ओठ बाहेर आला. लोक खदाखदा हसत होते, पण भेंडी रडायच्या आधीच पल्लवी धावत जाऊन खाली उभी राहिली होती.

"लाईट!" सुजाता म्हणाली.

लाईटवाल्याशेजारी कविता उभी होतीच. मोठा झोत स्टेजवरून खाली उतरला आणि पल्लवीवर येऊन थांबला. गाणं पुन्हा लागलं. ती पालकांकडे पाठ करून नाचू लागली, डोळे मोठे, हात मोठे, ओठांवर सगळे शब्द. नाचता नाचता एकाला सरकवत होती, दुसऱ्याला बोटाने थोपवत होती, भेंडीला हसवत होती. आणि वर सगळी मंडई तिच्यासारखी डोलत होती. मी कितीतरी गॅदरिंग पाहिलीत, पण त्या जागेकडे कधी पाहिलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर सुजाता सरळ बोलली. "यालाच खेळवणं म्हणतात. पल्लवी टीचर उद्या कंपनीत पॅकिंगला चालल्यात, कारण तिथे पगार जास्त आहे. तुम्ही फी थोडी वाढवू दिलीत, तर त्या राहतील."

मग तेच फोनवाले बाबा उठले. "फी दरवर्षी थोडी वाढतेच. टीचरना मिळते का ती? ते सांगा आधी."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा सावकाश उठले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते काय बोलतील याचा काही भरवसा नव्हता. "आजवर भाडं आणि दुरुस्तीतच जात होती," ते म्हणाले. "यंदाची वाढ सगळी पगारात जाईल. फळ्यावर लिहून लावतो. तुम्ही पालकांनी दोघं निवडा, त्यांनी हिशेब बघावा."

"मग वाढवा की!" आजोबा ओरडले. "टोमॅटो महागला तर घेतोच ना आपण!"

हात वर होऊ लागले. आधी मागच्या रांगेतून, मग सगळीकडून. सगळेच नाही, काही जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. पण फोनवाल्या बाबांचा हात वर होता.

पल्लवी अजून खालीच उभी होती, झोतात. तिने मागे वळून ते हात पाहिले, पुन्हा मुलांकडे वळली आणि ओढणीने डोळे पुसले.

स्टेजवर मुलांना नाच संपल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. टीचरने डोळे पुसले, म्हणून वांग्यांनी पुसले, टोमॅटोंनी पुसले, भेंडीने दोन्ही हातांनी रगडून पुसले.

त्यानंतर हॉलमध्ये हसत होतं कोण आणि रडत होतं कोण, सांगता येणार नाही. मी दोन्ही करत होते.

घरी

परत नाशिक, त्याच बारवीच्या रस्त्याने. सोबत वालाच्या शेंगा आणि एक जांभळं सॅटिनचं फूल. नवऱ्याला उत्साहाने व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "यात सगळी या बाईंची पाठच आहे. मुलं कुठेत?" मी म्हटलं, पाठच बघ. मग त्याने पूर्ण पाहिला, आणि शेवटी बहिणीला फोन लावून बराच वेळ बोलला.

वाढ किती, हे अजून ठरायचंय. पॅकिंगच्या पगाराएवढी ती होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कविताच्या नर्सरीचे मालक गॅदरिंगच रद्द करायच्या गोष्टी करतायत म्हणे. बघू. लढाई एका नाचात संपत नसते.

सोमवारी मी दिवसभर फोनकडे बघत होते. संध्याकाळी पल्लवीनेच केला.

"वहिनी, कंपनीत जाऊन 'नाय' सांगून आले."

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. "मग? काय म्हणाले ते?"

"काय म्हणतील? साहेब बोलले, विचार करा. मी बोलले, विचार झाला. मग त्यांच्याकडे रिकामी खोकी पडली होती ढीगभर, ती तेवढी मागून घेतली." मागून मुलांचा कल्ला ऐकू येत होता. "टेम्पोवाल्याने फुकट आणून दिली. उद्या त्याची घरा करायचीत पोरांना."