सहावा ग्लास

ठाकूरद्वारच्या त्या माणसाचा मला आजही राग येतो. त्याचं वय झालंय, आता सोडून दे, असं सगळे सांगतात. मी सोडत नाही. सगळे त्याला 'काका' म्हणतात आणि अहोजाहो करतात. तोंडावर मीही करत आले. लिहिताना मात्र करणार नाही.

मी परळच्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. दिवसभर हातात काच असायची, स्लाइड नाहीतर टेस्ट ट्यूब. जुन्या काचेचा नाद बहुतेक तिथूनच लागला. चोरबाजारात एकदा कटग्लासची सुरई दिसली. गोऱ्या साहेबांच्या घरात बाटलीतली दारू जिच्यात ओतून टेबलावर ठेवत, तो डिकँटर. तळाशी काळा साका बसलेला, गळ्यापाशी टवका उडालेला. घरी आणून व्हिनेगर आणि मूठभर कच्चे तांदूळ घालून खळखळवून धुतली आणि खिडकीत ठेवली. सकाळी ऊन आलं तसे समोरच्या भिंतीवर रंगच रंग.

नवरा म्हणाला, "घरात कोणी थेंबाला शिवत नाही आणि तू दारूची भांडी जमवतेस!"

"पिणाऱ्यांच्या घरात ती टिकत नाहीत," मी म्हटलं.

मग झाकणाचं सूपचं भांडं आलं, चांदीचा मुलामा दिलेला ट्रे आला, केक ठेवायचं उंच पायाचं तबक आलं. हे पाहून लॅबमधली एक मैत्रीण मला तिच्या ओळखीच्या मंडळात घेऊन गेली. जुनी भांडी जमवणारी गिरगाव-दादरकडची पाच-सहा माणसं, रविवारी कुणाच्या तरी घरी जमायची. त्यांचा म्होरक्या म्हणजे हा माणूस. निवृत्त वकील, पांढरा झब्बा, बोलणं अगदी तोलून मापून.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"मूळ गाव?"

तेही सांगितलं.

"आणि राहायला परळला. अच्छा, अच्छा." एवढं म्हणून तो शेजारच्याशी बोलायला वळला.

आम्ही बौद्ध. हे प्रश्न मी शाळेपासून ऐकत आलेय. शेवटच्या उत्तरानंतर समोरच्याची मान कशी हलते, तेही मला पाठ आहे.

मी जात राहिले. काच बघायला मिळायची म्हणून, आणि मी जाऊ नये असं त्याला वाटत होतं म्हणूनही. एका रविवारी सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुम्हाला हा छंद लागला कसा, याचं नवल वाटतं हो. तुमच्याकडे असल्या वस्तू काही वापरात नसणार."

"तुमच्या आजोबांनी तरी कुठे यातून व्हिस्की घेतली असेल?" मी म्हटलं.

सगळे हसले. तो हसला नाही. तिथून आमचं उघड सुरू झालं.

दादरला एक वयस्कर पारशी बाई होत्या. मुलीकडे परदेशी कायमच्या जाणार होत्या आणि घरातलं सामान चांगल्या हातात पडावं म्हणून माणसं शोधत होत्या. त्यांच्याकडे दोन डिकँटर आणि सहा ग्लासांचा सेट होता. सहाच्या सहा शाबूत, काचेची बुचं मूळची. ग्लासाच्या कडेला नखाने टिचकी मारली की आवाज विझायला वेळ लागायचा. मी दोनदा जाऊन त्यांच्याबरोबर चहा प्यायले. सेट मलाच देईन, असा शब्द त्यांनी दिला. मूर्खपणा माझाच. आनंदाच्या भरात मी हे मंडळात बोलून गेले.

ठरल्या दिवशी वर्तमानपत्रं आणि जुन्या चादरी घेऊन गेले, तर बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"वो सेट तो गया, डिकरी."

"गया? कहाँ?"

"तेरा वो वकील लेके गया. बोला, तू दुकानवाली है, किसी बार को बेच डालेगी. सच्ची बात है?"

मी नाही म्हटलं. बाईंचा चेहरा पडला, पण सेट गेला होता. चादरी काखेत मारून मी परत आले. टॅक्सीत दात असे आवळून बसले होते की घरी पोचेपर्यंत कानशिलं दुखायला लागली.

पुढची बैठक त्याच्याच घरी होती. मैत्रीण म्हणाली, "नको ना येऊस, यार. उगाच तमाशा होईल." मी गेले.

सेट मधल्या टेबलावर मांडलेला. दोन्ही डिकँटरांत कोकम सरबत. त्याची सून आतून ट्रे घेऊन आली. आम्ही त्याला धरून सहा जण होतो. सुनेने पाच ग्लास भरून पाच जणांपुढे ठेवले. माझ्यापुढे स्टीलचं फुलपात्र ठेवलं. सहावा ग्लास ट्रेमध्ये रिकामाच उभा.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाजूक असतात हो. ज्याला सवय नाही त्याच्या हातून पटकन निसटतात."

"मी हॉस्पिटलात आयुष्यभर काचच हाताळलीय," मी म्हटलं. उठले, ट्रेमधला सहावा ग्लास घेतला, डिकँटरचं बूच काढलं, सरबत ओतलं आणि उभ्यानेच प्यायले. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग ग्लास टेबलावर ठेवला. तो फुटला नाही.

त्याने आतल्या दाराकडे तोंड केलं. "सूनबाई, हा ग्लास वेगळा ठेव. बाकीच्यांत मिसळू नकोस."

"वेगळा का?" मी विचारलं.

"अहो, लिपस्टिकचा डाग राहतो काचेला."

"मी लिपस्टिक लावत नाही."

एकजण बशीतल्या चकल्यांकडे बघत राहिला. मैत्रिणीने फोन काढला आणि त्यात बोटं फिरवत बसली. मला त्या माणसाइतकाच त्या गप्प बसणाऱ्यांचा राग आला. पर्स उचलली आणि बाहेर पडले. त्यानंतर मंडळात पाऊल टाकलं नाही.

काही दिवसांनी सून माझ्या दारात उभी. हातात बुटांचा खोका.

"बाबांनी पाठवलंय," ती खाली बघत म्हणाली. खोक्यात टिश्यू पेपरात गुंडाळलेला तो ग्लास होता. "म्हणाले, त्यांना आवडला होता, तर राहू दे त्यांच्याकडेच."

"आणि बाकीचे पाच?"

"ते आहेत कपाटात."

"पाच त्यांना चालतात, हा चालत नाही. असंच ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची कीव आली नाही. फुलपात्र तिनेच ठेवलं होतं. खोका घेतला आणि दार लावून घेतलं.

ग्लास मी शोकेसमध्ये ठेवला नाही. रोज ताक त्यातूनच प्यायचे.

वर्ष उलटून गेल्यावर साखरेत घोळवल्यासारखा गोड आवाज काढून त्याने फोन केला. मुंबईच्या जुन्या घरांतल्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. त्याचा सेट मधल्या पेटीत ठेवायचं ठरलं होतं, पण आयोजकांना सहाही ग्लास हवे होते. मी म्हटलं, "स्वतः या."

आला. काठी टेकत, लिफ्टने, धापा टाकत. सोफ्याच्या अगदी कडेला बसला. माझ्या हॉलभर नजर फिरवली. कपाटातले डिकँटर पाहताना त्याचे डोळे थांबले, हे मला दिसलं.

"एवढी धाप लागलीय तुम्हाला," मी म्हटलं. "आधी पाणी घ्या."

आणि त्याच ग्लासात पाणी भरून त्याच्यापुढे ठेवलं.

"नको, मला तहान नाही."

"हे पाणी प्या आणि ग्लास घेऊन जा. कायमचा तुमचा. मला दुसरं काही नको."

त्याने ग्लासाकडे पाहिलं. हात पुढे झाला आणि गुडघ्यावर परत गेला. "डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय," तो म्हणाला.

"उकळून गार केलेलं आहे."

"तुम्ही गोष्टी फार ताणता."

"तुम्ही तुटेपर्यंत ताणलंत."

तो बसून राहिला. पंखा फिरत होता. ग्लासाच्या बाहेरून पाण्याचे थेंब धरले आणि खाली टीपॉयवर गोल उमटला. मला वाटलं, आता पिईल. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याने प्यावं असं मला वाटत होतं, ग्लास गेला असता तरी. पण तो काठीवर भार देत उठला, चपला घातल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरायला लागला. खाली जाईपर्यंत काठीचा आवाज येत राहिला.

मैत्रिणीचा फोन आला. "म्हातारा माणूस आहे गं. एका ग्लासासाठी एवढं?"

"हे त्याला विचार," मी म्हटलं.

प्रदर्शन बघायला मी मुद्दाम गेले. मधल्या पेटीत दिव्याखाली दोन डिकँटर आणि पाच ग्लास. खाली कार्ड: 'मूळ संच सहा ग्लासांचा. एक फुटला.'

तो बाजूलाच खुर्चीत बसला होता, गळ्यात ओळखपत्र, भोवती कौतुक करणारी माणसं. टेबलाशी बसलेल्या मुलीला मी म्हटलं, "हे कार्ड चुकीचं आहे. ग्लास फुटलेला नाही. माझ्याकडे आहे, परळला."

"तुमच्याकडे कसा काय?" तिने कुतूहलाने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, पारशी बाईंच्या अर्ध्या दारापासून त्या न प्यायलेल्या पाण्यापर्यंत, आणि आवाज मुद्दाम खाली आणला नाही. हळूहळू आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. तो खुर्चीत मान खाली घालून आपल्या काठीची मूठ चोळत होता. एकदाही 'खोटं आहे' म्हणाला नाही.

मुलीने कार्डाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "मॅडम, मी वर विचारून सांगते," ती म्हणाली.

प्रदर्शन संपेपर्यंत कार्ड तसंच राहिलं, असं नंतर कळलं.