इंजिनाला घातलेला अभिषेक

माझ्या लग्नाची वरात बैलांनी ओढलेल्या मोटारीतून गेली. 'मोटार बिघडली होती,' असं मी वीस वर्षं सांगत आलो. बिघडली नव्हती. मी बिघडवली होती.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, नळदुर्गात एक जुनी मोटार घेतली आणि ती चालवायला कासीमचाचांना ठेवलं. वरातीच्या सकाळी अप्पा मला म्हणाले, "मोटारीची पूजा उरक." नुसत्या हळदकुंकवावर नवरदेवाचं समाधान कसं व्हावं? चाचा फेटा बांधायला गेलेले बघून मी बॉनेट उघडलं आणि देवाला घालतात तसा तांब्याभर पंचामृताचा अभिषेक थेट इंजिनाला घातला! (मध जरा जास्तच. मंगल कार्य!)

मंडळी बसली. चाचांनी हँडल मारलं. खुर्र. पुन्हा मारलं. खुर्र.

"हॉर्न वाजवून बघा!" मामा ओरडले. हॉर्न वाजला. "मग चालू हाय की!"

"हॉर्नवर बसून जायचं का, मामासाब?" चाचा म्हणाले. "बॅटरी ठीक है. तारांत गडबड है."

त्या काळी तारांवर सुताचं वेष्टन असे. माझं पंचामृत त्या सुतानं मनसोक्त प्यायलं होतं. चाचा एकेक तार चाचपत गेले आणि त्यांचं बोट चिकटलं.

"तेल सांडलंस व्हय रं?" अप्पा चाचांवर कडाडले. "ही मोटार न्हाय हालली, तर उद्यापासनं तुझी नोकरी खलास!"

चाचांनी बोट जिभेला लावलं. "तेल नै है, अप्पासाब. मीठा है!"

मी आभाळाकडं बघू लागलो. तेवढ्यात एक मुंगी माझ्या अंगरख्याच्या बाहीवर चढली. मागून तिचं अख्खं खानदान! चाचांनी मुंग्या पाहिल्या, मला पाहिलं, माझ्या मुंडावळ्या पाहिल्या. मग खाली मान घालून म्हणाले, "गलती मेरीच है. माझ्याकडनंच काय तरी सांडलं."

मी बोलायला तोंड उघडलं... आणि मुंडावळ्या नीट केल्या.

बैल जुंपले. सासुरवाडी तीन कोसांवर. मामांनी वाटभर हॉर्न वाजवला आणि दर वेळी बैल उधळले, त्यामुळं मुहूर्त मात्र गाठला! चाचांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. मी तेव्हाही खरं न सांगता लग्नाचे लाडूच खात होतो.

परवा अखेर त्यांच्यापुढं उभा राहिलो. सडकेला आता त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे.

"चाचा, ते पंचामृत म्या ओतलं होतं."

"मालूम है, छोटे मालक. भर वरातीत नवरदेवाला शिव्या कशाला खायला लावायच्या?" त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. "पर ही तुमची नवी मोटार आज बैलांनी का वढून आणली?"

मी मान खाली घातली.

"आज नुसतं नारळाचं पाणी होतं, चाचा."