कुरबोनच्या धाब्यावरचा बर्फ

सकाळपासून तुळई कुरकुरत होती. रजई शिवता शिवता सावरीबीची सुई थांबायची आणि नजर वर जायची.

इस्तरवशान शहरातल्या त्या गल्लीतली दुकानं मातीची, एकमेकांना टेकून उभी. भिंती सामाईक, वरचं मातीचं सपाट धाबं सलग. पूर्वी बर्फ पडला की सगळे दुकानदार फावडी घेऊन वर चढत, खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मुद्दाम ढीग लोटत आणि शिव्या खात. आता दोनच दुकानं उघडी राहिली होती: तिचं रजयांचं आणि म्हाताऱ्या नजमिद्दीन न्हाव्याचं. मधलं मडक्यांचं दुकान बंद करून कुरबोन रशियाला गेला होता. त्याच्या धाब्यावर बर्फ चढत होता, आणि त्याच्या तुळईचं टोक सावरीबीच्या भिंतीत होतं. तुळई मोडली की भिंत जाणार, आणि भिंतीमागे तिचं दुकान.

ती न्हाव्याकडे गेली. गल्लीत सगळे त्याला अको, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. "अको, चला वर. दोघं मिळून काढू."

"माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, बर्फ काय ऐकणार? ज्याचं धाबं त्याला बोलाव."

"आणि तो येईपर्यंत?"

"इथे येऊन बस. दाढी फुकट करून देतो."

फावडं आणि शिडी शोधण्यात थोडा वेळ गेला; मग ती एकटीच आपल्या धाब्यावर चढली. दुसऱ्याच्या धाब्यावर पाय ठेवण्याआधी हाक द्यायची, खाली बायामाणसं असतात. दुकान रिकामं होतं, तरी सवयीनं ती म्हणाली, "येतेय हो वरून."

"येऊ नकोस," खालून आवाज आला.

ती आपल्या धाब्याच्या कडेलाच थांबली. "कोण आहे?"

"मीच. मागच्या दारानं शिरलो. तुळई मधोमध चिरलीय, टेकू धरून उभा आहे."

"गुडघे ऐकत नव्हते ना?"

"तुझं दुकान पडल्यावर या गल्लीत मी एकटा काय करू?"

"अको, सोडा ते. बाहेर या."

"सोडलं तर सगळं अंगावर येईल. आधी भार कमी कर. पाय मात्र टाकू नकोस."

सावरीबी आपल्याच धाब्यावर पालथी पडली आणि हात लांबवून फावड्यानं बर्फ ओढू लागली. प्रत्येक ओढीला खाली लाकूड कण्हायचं.

"अको?"

"आहे."

पुन्हा ओढ, पुन्हा कण्हणं.

"अको?"

फावडं तिच्या हातात तसंच राहिलं. ती धाब्याला कान लावून ऐकू लागली.

मग खोकला आला. "तोंडात माती गेली. हळू ओढ, बाई."

तिनं हळू ओढलं.