मांडीवरचं गाडगं

ठाण्याहून समुद्राला जायच्या जेवढ्या म्हणून वाटा आहेत, त्या सगळ्या वाटांनी मांडीवर दह्याचं गाडगं धरून गेलेले गृहस्थ या मुलखात एकच झाले, आणि ते आमचे मेहुणे. हिचे सख्खे थोरले भाऊ. ही त्यांना दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणत आलो. वयाने आम्ही बरोबरीचे, स्वभावाने मात्र उलटे. माझी खाडीवर कौलांची वखार. माल आला, उतरला, फुटला तो फेकला, विषय संपला. दादा कचेरीत नकलनवीस. दिवसभर लोकांचे पंचनामे आणि कैफियती उतरवून काढायचे, आणि संध्याकाळी कचेरी सुटली तरी डोक्यातली कचेरी काही सुटायची नाही. साधी मेथीची जुडी घ्यायची तरी भाजीवालीची उलटतपासणी व्हायची. तिने एकदा वैतागून त्यांना जुडी फुकट दिली, तर ती का फुकट दिली यावर पुन्हा चौकशी.

त्यांचा खरा जीव वाटांवर. कोण कुठून कशाने आला हे कळल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागायचं नाही. पाहुणा उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच दादा विचारणार, "कशाने आलात?" बैलगाडीने म्हटलं तर रेल्वेने का नाही, रेल्वेने म्हटलं तर मचव्याने का नाही. एकदा कल्याणहून त्यांच्या चुलत्याकडचा माणूस आला. दादांनी त्याला ओटीवर बसवलं आणि कल्याणहून यायला रेल्वे बरी की खाडी बरी यावर इतका वेळ बोलत ठेवलं, की तो बिचारा गूळपाणी घेऊन, पान खाऊन परत जायला उठला. उठताना आठवण झाली तेव्हा म्हणाला, "एक सांगायचं राहिलंच. तुमचे काका गेले." दादांनी डोक्याचं पागोटं काढलं, डोळे पुसले, आणि जरा वेळाने हळूच म्हणाले, "बघा, रेल्वेने आला असता तर शेवटचं तोंड तरी बघायला मिळालं असतं." मुंबईची शेठमंडळी तेव्हा हवा खायला वसईच्या किनाऱ्यावर जाऊ लागली होती. त्यातला कोणी ठाण्याला थांबला की दादा त्याला गाठून सगळ्या वाटा समजावत. शेठ हो हो म्हणायचा आणि त्याला जायचं तसाच जायचा. दादांचं काही बिघडायचं नाही. ते दुसरा शेठ शोधायचे.

तोवर ही गंमत होती. मग ही आजारी पडली.

खोकला होता, तो छातीत उतरला. नुसती कुशीवर वळली किंवा कोणी खाट ओढली तरी ढास लागायची आणि पदराला रक्त दिसायचं. वैद्यबुवा म्हणाले, हिला खारी हवा द्या, समुद्राकाठी नेऊन ठेवा, पावसाच्या आत न्या. दाराबाहेर आल्यावर आम्हा दोघांना म्हणाले, "पण वाटेत हिसका बसता कामा नये. बसला तर नेलीत तशी परत आणणार नाही." वसईच्या किल्ल्यापलीकडे एका किरिस्ताव शेतकऱ्याची केळीची वाडी होती, त्यांच्याकडे कौलं माझ्याच वखारीतली. त्यांनी समुद्राकडची खोली द्यायचं कबूल केलं. म्हणजे ठिकाण ठरलं. राहिली वाट. मी दादांना म्हटलं, "यात काय आहे? मी कौलं पेंढ्यात बसवून नेतो, तशी गाडीत पेंढा भरून हिला नेऊ." दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गुन्हा कबूल केलाय. "जावईबुवा, तुमची कौलं किती फुटतात?" "दर खेपेला थोडी फुटायचीच." "मग?"

दुसऱ्या दिवशी ते गाडगं घेऊन आले. म्हणाले, माणूस खोटं बोलतो. गाडीवानाला विचारा, गाडी लोण्यासारखी चालते म्हणेल. नाखव्याला विचारा, मचवा पाळण्यासारखा म्हणेल. दही खोटं बोलत नाही. निघताना कोमट दुधाला विरजण लावायचं, गाडगं मांडीवर घ्यायचं, आणि समुद्रावर पोचल्यावर झाकण काढायचं. कवडी दही लागलं असेल तर ती वाट माझ्या बहिणीची. मोडलं असेल तर नाही. आणि कचेरीतला माणूस, पंचांशिवाय कसं चालेल? निघताना शेजारच्या दोघांना बोलावून दूध दाखवायचं, पोचल्यावर तिथल्या दोघांना गाठून दही दाखवायचं. ही खाटेवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "दादा, तू लग्नात माझ्या पाठवणीलाही एवढं पाहिलं नव्हतंस." दादा म्हणाले, "तेव्हा तू धडधाकट होतीस."

पहिली बैलगाडी. बाळकुमावरून घोडबंदरचा रस्ता, मग तरीतून, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीतून, पलीकडे. दादा पुढे तोंड करून, दोन्ही हातांनी गाडगं धरून बसले आणि खड्डा आला की आपण उचलले जायचे, पण गाडगं उचलू द्यायचे नाहीत. घोडबंदरला पोचेपर्यंत दह्याचं ताक झालं होतं आणि वर लोणी तरंगत होतं. पंचांनी लोणी चाखून चांगलं आहे म्हणून सांगितलं. ते दादांनी केळीच्या पानात बांधून हिच्यासाठी परत आणलं. चार दिवस त्यांना खाली बसवत नव्हतं, ते लोणी कंबरेलाच चोळायला हवं होतं असं मी म्हटलं, तर ही हसली आणि दादा रागावले.

मग रेल्वे. मुंबईकडे जायचं, दादरला उतरायचं, रूळ ओलांडून दुसरी गाडी धरायची आणि वसईला उलट वर यायचं. मला हे उलटसुलट पटत नव्हतं, पण दादांचा रेल्वेवर लोभ होता. दादरपर्यंत दही सुरेख लागत आलं. डब्यातल्या लोकांना आधी वाटलं यात अस्थी आहेत, त्यामुळे सगळे अंग चोरून बसले आणि दादांना ऐसपैस जागा मिळाली. एका म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, "कोण गेलं?" दादा म्हणाले, "कोणी गेलेलं नाही, दही लागतंय." त्यानंतर ती जागा गेली. दादरला हमालाने घाईत त्यांच्या कोपराला धक्का दिला आणि पुढच्या गाडीने सुटताना असा हिसडा दिला की दह्याची दोन शकलं झाली. दादा तेवढ्यावरून रेल्वेवर रुसले. घरी येऊन हिला म्हणाले, "गाडी चांगली आहे गं. पण सुटताना आणि थांबताना ती माणसाला विसरते."

डोलीचंही झालं. भोई चांगले होते, एका चालीत हुं हुं करत चालले. दही इतकं घट्ट की उलटं केलं तरी पडू नये. पण बाळकुमच्या पुढे एका पाड्यावर बायांना वाटलं कुठल्या तरी देवाचा कलश चालला आहे. त्या हळदकुंकू घेऊन धावल्या, एकीने नारळ ठेवला, दुसरीने लेकराला पाया पडायला लावलं. दादा उतरले तेव्हा कपाळ पिवळं, धोतर तांबडं. तरी त्यांनी डोलीच पक्की केली असती. पण पुढे खाडीवरची तर आली, आणि डोली होडीत चढवताना भोयाचा पाय घसरला. दही वाचलं, दादांचा गुडघा फुटला. "गुडघा माझा होता म्हणून ठीक," म्हणाले, आणि डोलीही गेली.

राहिला मचवा. कळव्याचा एक कोळी नाखवा ओळखीचा होता, माझी कौलं आणायचा. भरती भरली की सुटायचं, ओहोटीबरोबर खाली उतरायचं, घोडबंदर, वसई, किल्ल्याला वळसा, की समुद्र. ना खड्डा, ना हिसडा. मला तर पहिल्यापासून हेच वाटत होतं. पण दही लागेना. पहिल्या खेपेला दादा पंच गोळा करण्यात उशिरा पोचले, मचवा मागून सुटला आणि वाटेत गाळात बसला. नाखवा चिलीम पेटवत म्हणाला, "पानी उतरला, शेट. आता चिखलान बसा नि तुमचा दही खावा." दादांनी झाकण काढलं तर दूध तसंच. दुसऱ्या खेपेला वेळेवर सुटले, तरी दूध तसंच. तिसऱ्यांदाही तेच. पौष चालला होता. ही आता उठून बसतही नव्हती. दादा खाटेशी येऊन खाली मान घालून बसले. एवढं खचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मचवा वरून शांत दिसतो गं. आतून हलत असणार. दही सांगतंय ना. आता वाटच उरली नाही."

हिने मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "दादा, गाडगं कुठे ठेवतोस रे मचव्यात?"

"मांडीवर. पुढे नाळेशी, अगदी टोकाला बसतो. सगळ्यांना दिसायला हवं."

"पहाटेचा? वाऱ्यात?"

"हो."

"अरे, पौषात उघड्या वाऱ्यावर विरजण लागतं का कधी? घोंगडीत गुंडाळायचं, तुसात ठेवायचं. चुलीजवळसुद्धा लागत नाही या दिवसांत." आणि ती हसू लागली. हसता हसता ढास लागली. दादा घाबरून "हसू नको, हसू नको" करत तिच्या पाठीला हात लावून बसले, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते हसण्याचं की कशाचं ते मी विचारलं नाही. दादांची बायको, आमच्या वहिनी, लवकर गेलेल्या. त्यांना आयुष्यात कोणी सांगितलंच नव्हतं की दह्याला ऊब लागते.

चौथ्या खेपेला गाडगं घोंगडीत होतं. दुसऱ्या दिवशी परत आले ते थेट हिच्याकडे, पंचांचं नावही काढलं नाही. म्हणाले, "चल."

भरतीला आम्ही हिला खाटेसकट मचव्यात ठेवली. खाली पेंढा मात्र माझा. ओहोटीने मचवा असा नेला की काठावरची झाडंच मागे सरकताहेत असं वाटावं. ही घोडबंदरपर्यंत झोपली, दादा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि पाय अवघडले, मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. नाखव्याने सूर लावला तर त्याला बोटाने गप्प केलं. किल्ल्याला वळसा घातला आणि समोर समुद्र आला. खाडीवर सबंध संसार केला, पण हिने समुद्र पाहिला नव्हता. ती नुसती बघत राहिली.

आणि तिथे आम्हाला कळलं की एवढ्या सगळ्या खेपांत एक गोष्ट कोणीच पाहिली नव्हती. मचवा वाळूला लागत नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात थांबतो, आणि माणसं कोळ्यांच्या खांद्यावर बसून लाटांतून काठाला जातात. दादा दर खेपेला धोतर खोचून स्वतः उतरले होते, सगळं लक्ष गाडग्यात. खाट उतरवायची तर लाटेत कलंडणार. खांद्यावर घ्यायची तर हिसका बसणार. नाखवा म्हणाला, "वैनीला आमी नेतो." मी पुढे झालो. दादांनी मला मागे सारलं. "तुम्ही बाजूला व्हा, जावईबुवा. तुम्ही कौलं उतरवता."

कचेरीतला माणूस, हाताला शाईशिवाय काही लागलेलं नाही. त्यांनी बहिणीला दोन्ही हातांवर उचललं आणि पाण्यात उतरले. लाट आली की थांबायचे, लाटेकडे पाठ करायचे, लाट गेली की एक पाऊल. ही म्हणाली, "दादा, पडशील रे." "गप. बोललीस की हलतेस." किनाऱ्यावर वाडीतली माणसं उभी होती, तीही गप्प झाली. पागोटं वाहून गेलं, ते नाखव्याने पकडलं. वाळूवर गुडघे टेकून त्यांनी तिला घोंगडीवर ठेवली आणि धापा टाकत विचारलं, "हिसका बसला?"

ही म्हणाली, "कधी?"

समुद्राने ती बरी झाली नाही. खोटं कशाला सांगू. चैत्रात उठून बसली, वाडीतल्या बायांशी बोलू लागली, मासळी नको म्हणून भांडली, दादा आले की त्यांना विरजण लावायला शिकवायची. वैद्याने दिले होते त्याहून जास्त दिवस मिळाले. आषाढात गेली. दादांनी मला एका शब्दाने विचारलं नाही की आधी नेली असती तर, आणि मीही त्यांना नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही कोणी मुंबईचा शेठ भेटला आणि किनाऱ्याची वाट विचारली तर दादा सांगतात, रेल्वेने जा, लवकर पोचाल. मचव्याचं नाव काढत नाहीत. स्वतः मात्र दर पौषात कळव्याहून मचव्याने एकटे जातात, वाडीत एक रात्र राहून येतात. मला कधी बोलावलं नाही, मी विचारलं नाही. यंदा काल संध्याकाळी वखारीत आले, कौलांच्या ढिगावर बसले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "नाखव्याला दोघांची जागा सांगून ठेवलीय."

मी म्हटलं, "माझ्याने लाटेतून उतरवणार नाही आता."

"मी आहे ना," म्हणाले.

सत्तरी गाठलेला माणूस, दोन पावलं टाकली की भिंतीला हात लावतो. मी बरं म्हटलं. भरती सकाळची आहे.